टिप्याचं प्रोटीन

हसणार नसाल तरच सांगतो. आणि चहा संपेपर्यंत मधे बोलायचं नाही, काय?

आमचा टिप्या, म्हणजे आमचं कुत्रं, पावसाळ्यात आजारी पडला अन् निम्मा झाला. खोडदला आमचं घर उसाला लागून. बिबट्याचं येणं-जाणं असतंच. तिथं असलं मरतुकडं कुत्रं किती दिवस टिकणार? गुरांचे डॉक्टर म्हणाले, "याला प्रोटीन द्या."

आमची बायको शांता म्हणाली, "म्हैन्यात सुधारला न्हाई, तर मढला माझ्या भावाकडं धाडीन. हितं बिबट्याच्या तोंडी द्यायचा न्हाई!"

अहो, माझा तर जीव आहे त्या टिप्यावर!

पण राव, मी उभा जन्म डेअरीत पशुखाद्य विकलंय. पोत्यामागचं वाचण्यात आपला हात कोण धरणार? नारायणगावच्या दुकानात चष्मा लावून पाऊण तास पिशव्या उलट्यासुलट्या केल्या. एकीवर पहिलं नाव मका. दुसरीवर गहू, मग सोयाबीन. तिसरीवर पहिलंच कोंबडीचं मांस! जे जास्त घातलेलं असतं ते आधी लिहितात, हे मला पाठ. तीच पिशवी उचलली.

महिन्याभरात टिप्या असा चकाकायला लागला म्हणून सांगू! मग काय, माझं तोंड सुटलं. टपरीवर, लग्नात, अगदी दहाव्यालासुद्धा! "कुत्रं काय मका खातंय व्हय? प्रोटीनचा सोर्स बघा, सोर्स!" लोक मला लांबून बघून वाट बदलायचे.

त्यात एकच अडचण. आमच्या सातच्या सात कोंबड्या नेमक्या तेव्हाच खुडूक बसल्या म्हणे, अंडी देईनात. अंड्याचं नाव काढलं की शांता म्हणायची, "अंडी बंद हायेत. दोडका खा." खाल्ला. महिनाभर.

शेवटी महाळुंगे पडवळचे आमचे व्याही आले. त्यांना आपल्या कुत्र्यासाठी खाद्य घ्यायचं होतं. मी ऐटीत टिप्याची थाळी भरली अन् खडखड वाजवली.

टिप्या जागचा हलला नाही. गोठ्यामागून सात कोंबड्या पंख पसरून धावत आल्या अन् थाळीवर तुटून पडल्या!

व्याही थाळीकडं बोट दाखवून म्हणाले, "पावणं, यातलं कुत्रं कंचं?"

टिप्या सावकाश उठला अन् स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसला. आतून शांता आली, हातात दोन उकडलेली अंडी. आम्हाला बघून थबकली.

"अगं, हे काय?"

"मग काय करू? त्यो तुमच्या दाण्यांना तोंडच लावंना. ते खाऊन कोंबड्या लई अंडी द्यायला लागल्या. म्हनलं, जाऊंद्यात ह्याच्याच पोटात."

"अन् मढला धाडणार होतीस ना?"

"धाडायला लागू नये म्हणून तर चारली!" टिप्याच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या.

व्याही मात्र निघताना म्हणाले, "सोर्स कळला, पावणं. कोंबड्याच घेतो."

टिप्या राहिला आमच्याकडं. पण गेल्या आठवड्यात मला चक्कर आली. दवाखान्यात डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघितले. "काका, प्रोटीन कमी पडतंय तुम्हाला. घरी अंडी नसतात का?"

मी शांताकडं बघितलं.

ती म्हणाली, "टिप्याला इचारते. एखादं सोडतोय का बघू."