सागवानी कपाट आणि माझी सोयरीक

फजितीच ऐकायची असेल तर माझ्या लग्नाची सांगतो. म्हणजे न झालेल्या लग्नाची! हसू नका, चहा सांडेल.

धारवाडात आमच्या घरी एक सागवानी कपाट होतं. आमचे अप्पा पोस्टात होते, पण सुतारकामाचा भारी नाद. लग्न झाल्या झाल्या अळणावरहून सागवान आणून त्यांनी ते स्वतःच्या हातानं केलं, आईसाठी. पुढं आई गेली, कपाट राहिलं.

माझ्यासाठी मुली बघायला लागले आणि मला त्या कपाटाची लाज वाटायला लागली. मी बँकेत नोकरीला ना! साहेब! लोकांच्या घरी चकचकीत लोखंडी कपाटं, आणि आमच्याकडं हे काळं धूड?

अप्पा बेळगावला अक्काकडं गेले होते, तेवढ्यात मी ते सुभाष रोडच्या एका दुकानदाराला देऊन टाकलं. बदल्यात हिरवं लोखंडी आणलं. आरशासकट!

अप्पा परत आले, नव्या कपाटाकडं बघत उभे राहिले. "आतु बिडु," एवढंच म्हणाले, म्हणजे झालं ते झालं. मला वाटलं, चला, आवडलं!

मग केलगेरीचं स्थळ आलं. मी आणि अप्पा मुलगी बघायला तिच्या घरी गेलो. मुलगी चहा देऊन आत गेली, आणि मला अशी आवडली म्हणून सांगू! आता तिच्या वडिलांवर, अण्णांवर, छाप पाडायची. समोर एक कपाट होतं, पॉलिश केलेलं, मधासारखं चमकणारं.

"वा अण्णा! काय काम आहे हो! असलं आता बघायलासुद्धा मिळत नाही."

अण्णा खुलले. "जुनं घेतलंय. कुणीतरी लोखंडी कपाटापायी हे देऊन टाकलं म्हणे."

"काय सांगता! डोकं फिरलं होतं काय त्याचं?"

अप्पा बशीतला चहा फुंकत बसलेले. पण मी कशाला थांबतोय?

"घरच्या वस्तूची कदर नसलेली माणसं, अण्णा! असल्याच्या घरात कुणी पोरगी तरी देईल काय?"

"होय की!" अण्णांनी मांडी थोपटली. "पण एक कळत नाही बघा. वरचा कप्पा एवढा खाली का केलाय?"

अप्पांनी बशी खाली ठेवली.

"बाई बुटकी होती," ते म्हणाले. "तिचा हात पोचावा म्हणून केला."

अहो, हे तर आमचंच कपाट! त्याच कपाटात आईच्या साड्या असायच्या, आणि मी त्याला ओळखलंसुद्धा नव्हतं!

अण्णांनी अप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आत बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"अप्पासाहेब, मला ठाऊक नव्हतं हो," अण्णा हळूच म्हणाले. "कपाट तुमचं आहे, घेऊन जावा. मुलीचं मात्र... घरात विचारून कळवतो."

अप्पा उठले. कपाटाच्या दारावरून एकदा हात फिरवला, चपला घातल्या.

"विचारायचं काय त्यात, अण्णा? कपाटही इथंच असू दे, आणि पोरगीही."