होल्ड करा, विचारून सांगते

फोन वाजला की ती आधी कानामागं केस सारायची, डोक्यावरचा हेडफोन नीट बसवावा तशी. हेडफोन सुटून कितीतरी वर्षं झाली होती. पण दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत तिचं "नमस्कार, बोला" झालेलं असायचं.

कोल्हापुरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी होत्या. ती शिरोळकडची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणायचो. तुम्ही ट्रंक कॉल लावलेल्या पिढीतले असाल, तर तिचा आवाज ऐकलाही असेल. फोनवर ती इतकं शुद्ध बोलायची की पलीकडचा माणूस सावरून बसायचा. हेडफोन काढला की लगेच, "च्या आलाय काय गं? घसा वाळलाय नुसता." ही दुसरी भाषा तिनं आपल्या माणसांसाठी ठेवली होती.

नव्या मुलींना तीच शिकवायची. आकडे सावकाश, सुटे-सुटे, दोनदा सांगायचे. समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. आणि त्यानं फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. पुढं तिला विसरायचा आजार जडला. दूध उतू जाऊ लागलं, भाचेसुनेचं नाव आठवेना. पण हे तीन नियम जागेवर राहिले आणि त्यांनीच घात केला.

कुणीतरी फोन करून सांगितलं, हयातीचा दाखला भरायचा राहिलाय, पेन्शन थांबेल, मोबाइलवर आलेले सहा आकडे सांगा. मी पोचले तेव्हा अक्का खुशीत होती.

"आधी चुकीचं लिवून घेतलंतं त्यानं. मी परत म्हणाय लावलं, तवा बरोबर आलं बघ."

मला आधी हसूच आलं. तोवर खातं रिकामं झालं होतं.

वरच्या मजल्यावर तिचा भाचा राहायचा. पोरगा मायेचा, पण हादरला होता. "मावशी, आणखी एकदा असं झालं तर लँडलाइन आणि मोबाइल, दोन्ही फोन काढून टाकणार बघा," तो मला म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. पण जिचा जन्म फोनवर गेला, तिच्या घरातून फोन काढला तर तिच्याजवळ उरणार काय? हा विचार मला सोडेना.

समजावून उपयोग नव्हता. "मी काय खुळी हाय काय?" म्हणायची आणि दहा मिनिटांत सगळं विसरायची. मी फोनशेजारी मोठ्या अक्षरांत 'आकडे सांगायचे नाहीत' असा कागद लावला. तो तिनं कुणालातरी फोनवर वाचून दाखवला, दोनदा.

मग मला एक्स्चेंजमधली एक गोष्ट आठवली. डिरेक्टरीत न छापलेला नंबर कुणी मागितला, तर सुपरवायझरला विचारल्याशिवाय द्यायचा नसे. शेवटची काही वर्षं ती सुपरवायझर मीच होते. "अक्का," मी म्हटलं, "आजपासून सगळे नंबर खासगी. मेसेजमधले आकडेसुद्धा. मला विचारायचं." महिनाभर रोज राजारामपुरीत तिच्या घरी जाऊन मी हे घोकवून घेतलं. माझ्या घरच्या लँडलाइनचा नंबर तिच्या बोटांना पाठ होता.

एका दुपारी लँडलाइन वाजली. "अगं, एक पावणं आकडं मागाय लागल्यात. देऊ काय?" मागं तिच्या मोबाइलमधून माणूस ओरडत होता, "मॅडम, खातं बंद होईल!" मी म्हटलं, "देऊ नको." मग तिचा तो शुद्ध आवाज आला, "क्षमा करा, परवानगी नाही. आपली तीन मिनिटं झाली आहेत, आणखी बोलणार?" ट्रंक कॉलवरचं ते जुनं वाक्य ऐकून मी किती दिवसांनी पोट धरून हसले!

पण त्या दिवसापासून, तिचा फोन कधीही येईल म्हणून, माझं बाहेर पडणं संपलं. गारगोटीला पुतण्याचं लग्न होतं, गेले नाही. भाजी आणायला गेले तरी मंडईतून धावत यायची. गटारासाठी रस्ता खणला आणि माझी लाइन तुटली, तेव्हा चार दिवस मी अक्काच्याच घरी मुक्काम टाकला. लोक म्हणाले, हिलाच काहीतरी झालंय. खरंच झालं होतं. मला सतत भीती वाटायची.

मग भाच्यानं नंबर बदलला. डॉक्टरांची वेळ त्याला कळवायची होती, म्हणून मी माझ्या मोबाइलवरून अक्काच्या मोबाइलवर फोन लावला. दुसऱ्या रिंगच्या आत तिनं उचलला.

"अक्का, मी गं. भाच्याचा नवा नंबर सांग की."

 पलीकडून अगदी शुद्ध, "क्षमा करा, आपण कोण बोलताय?"

"अगं, मी! शेजारच्या खुर्चीतली."

"होल्ड करा. विचारून सांगते."

माझ्या मागं लँडलाइन वाजली. मोबाइल कानाला तसाच धरून मी ती उचलली.

"अगं, कोण तर बाई हाय. आपल्या पोराचा नंबर मागतीया. आवाज वळखीचा वाटतोय, म्हणून तर जास्त भ्या वाटतंय. देऊ काय?"

 "नको, अक्का," मी म्हटलं. "कुणालाबी देऊ नको."

"बरं झालं बाई, तू हाईस."

लगेच दुसऱ्या कानात, "क्षमा करा, परवानगी नाही."

"बरं," मी म्हटलं, "आभारी आहे."

 दोन्ही फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. समोरच्यानं ठेवल्याशिवाय ती ठेवणार नव्हती, आणि माझ्यानं एकही फोन ठेववत नव्हता.