स्लॅबवरच्या तळ्यात बुडालेला कॅमेरा

पडेगावात एक कुजबुज होती: पाया खोदताना कडुबाला निजामाच्या काळातलं गुप्तधन सापडलं, आणि ते त्यानं तांदळाच्या कोठीत दडवलंय. शेजारच्या गोजरबाईनं म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गोजरबाईच्या नजरेला भिंती आड येत नसत, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

कडुबा वाळूजला कारखान्यात कामाला. टँकर आला की गल्लीत हंड्याला हंडा आपटत होता, त्याच दुष्काळात या गृहस्थाला घर बांधायची हुक्की आली. शहर वाढत होतं, मग कडुबानंच का मागं राहावं? स्लॅब पडला. मिस्त्रीनं त्यावर सिमेंटच्या कडा घालून वाफे केले, त्यात विकतचं पाणी भरलं. नाहीतर स्लॅब तडकतो. खाली बायका घागरीसाठी भांडत होत्या आणि वर कडुबाच्या मालकीचं तळं चमकत होतं.

एवढा थाट जगानं पाहायला नको? त्यानं जावयाचा डिजिटल कॅमेरा मागून आणला. देताना प्रणय एवढंच म्हणाला, "मामा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला लागंल. त्याच्या आत द्या." जावयापुढं मान खाली जाणं काय असतं, हे मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही.

कडुबानं बायकोला, रत्नमालाला, स्लॅबच्या टोकाला उभं केलं. फोटोत ती यावी, तळं यावं आणि मागची शेजाऱ्यांची पत्र्याची घरंही यावीत, म्हणून तो मागं सरकत गेला. वाफ्याची कड टाचेला लागली. कडुबा सावरला, कॅमेरा पाण्यात. सगळ्या पडेगावात बुडण्याजोगं पाणी तेवढंच उरलं होतं, तेही त्यानं बरोबर हेरलं.

कडुबानं तो उचलला आणि पहिल्यांदा काय केलं, तर उपडा धरून आतलं पाणी पुन्हा वाफ्यात निथळवलं. थेंब वाया जाऊ दिला नाही. मग बटण दाबलं.

"आवं, वल्या मशीनला करंट देता व्हय? बॅटरी काढा आधी."

"जित्ता हाये का बघतो ना."

कॅमेऱ्यानं एकदा डोळा मिचकावला आणि कायमचा मिटला.

तांदूळ ओल ओढतो, असं शिफ्टच्या बसमध्ये कुणीसं सांगितलं. कॅमेरा फडक्यात बांधून कोठीत गेला. ड्यूटीवरून आला की कडुबा कोपरापर्यंत हात घाली, कॅमेरा काढून कानाशी हलवी, पुन्हा पुरी. घरात भात बंद.

"मशीनला तांदूळ आन् आपल्याला भाकर," रत्नमाला म्हणे. "जावयाचेबी एवढे लाड केले नाय आपण."

गोजरबाईनं खिडकीतून विचारलं, "रत्नमाला, कडुबा कोठीत काय चाचपतो गं?"

"काय नाय."

या "काय नाय"नं गुप्तधनाचं वजन गल्लीत दुप्पट झालं.

तेरा तारखेला प्रणय आला. "च्या घ्या जावईबापू," म्हणत कडुबानं दोनदा चहा पाजला. तिसऱ्यांदा विचारायची सोय उरली नाही, तेव्हा त्यानं कोठीत हात घातला. प्रणयनं बटण दाबलं. काही नाही. भिंगाच्या आत सिमेंटचा पांढरा थर वाळला होता. कडुबानं वाफ्यापासून बटणापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"मामा, लगेच फोन करायचा. मी बटण दाबू दिलं नसतं."

"बटण आधीच दाबलं व्हतं, म्हणून तर केला नाय," कडुबा जमिनीकडं बघत म्हणाला.

दोघं पिशवी घेऊन उस्मानपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याकडं निघाले. सोनं मोडायला चालले, असं गोजरबाईनं जाहीर केलं. दुरुस्तीवाल्यानं कॅमेरा उघडला आणि तसाच परत दिला. मिरवणुकीचे फोटो प्रणयनं मोबाईलवर काढले. कडुबा दिवसभर गर्दीत त्याच्यासाठी वाट करत पुढं चालला.

कडुबाच्या कोठीत गुप्तधन कधीच नव्हतं. जावयाचा भिजलेला कॅमेरा होता, आणि तो पुन्हा चालू झाला नाही.