जाळाचं माप

निर्मलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा टाकीत पाणी दाबाखाली होतं. नवी टाकी जोडून झाली की तिच्यात काठोकाठ पाणी भरायचं, हातपंपानं दाब चढवायचा आणि सांधे निरखत थांबायचं, ही आमच्या वर्कशॉपची पद्धत. ती त्यांनीच लावलेली. फोन त्यांच्या भावाचा, विठ्ठलभाऊंचा. "संतोष, ताई गेली रे," एवढंच म्हणाले. सकाळी चहा पिता पिता गेल्या... मी निघतो म्हणालो, फोन खिशात टाकला आणि निघालो मात्र नाही. दाब चढवलेली टाकी तशीच सोडून जायचं नसतं. कॉक उघडला, पाणी सोडलं, दाबाचा काटा खाली येईपर्यंत उभा राहिलो, मग गाडीला किक मारली. वर्कशॉपच्या मालेगावापासून ताईंच्या किन्हीराजापर्यंत डोक्यात एकच, काटा शून्यावर आलेला मी खरंच बघितला की आला असं धरून चाललो? पोचल्यावर त्यांच्याजवळ जायच्या आधी अंगणातूनच आमच्या मालकांना, रहीमभाईंना, फोन लावला आणि पुन्हा बघायला लावलं. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. ताईंना वाटलं नसतं.

मी मूळचा आजऱ्याकडचा. वडिलांच्या मागं घरात हात कमी पडले, आठवीत शाळा सुटली, आणि वेल्डिंगच्या टोळीबरोबर फिरत फिरत महामार्गाच्या पुलाच्या कामावर इकडं वाशीम जिल्ह्यात आलो. पूल झाला, टोळी पुढं गेली. मला टायफॉईड झालेला, म्हणून मी मागं राहिलो. रहीमभाईंनी घरी ठेवून घेतलं, त्यांच्या आईनं पेज पाजली, आणि बरा झाल्यावर जायचं कुठं हा प्रश्न कुणी काढलाच नाही. त्यांचं वर्कशॉप हळदीचे बॉयलर बनवतं. हळद खणून काढली की शिजवावी लागते, त्यासाठी चाकांवर बसवलेली लोखंडी टाकी, खाली भट्टी, शेजारी चार ढोल. टाकीतली वाफ पाइपानं ढोलात जाते आणि ओली हळद शिजते. हे सगळं ट्रॅक्टरला जोडून वावरावावरांतून फिरतं. टाकीच्या माथ्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत ठरल्यापेक्षा जास्त दाब झाला की त्याची स्प्रिंग दबते, तोंड उघडतं आणि वाफ बाहेर पडते. हा व्हॉल्व्ह आम्ही कसा निवडायचो? टाकीला व्हॉल्व्हासाठी जो आट्यांचा सॉकेट वेल्ड केलेला असेल, त्यात जो बसेल तो.

विठ्ठलभाऊ आपला बॉयलर न्यायला आले तेव्हा ताई बरोबर होत्या. तोपर्यंत मी त्यांना बघितलेलं नव्हतं. सुती साडी, पायात खेळायचे बूट, हात पाठीमागं. त्यांची उभी नोकरी बडोद्याला गेलेली, मोठमोठ्या कारखान्यांचे आराखडे करणाऱ्या हापिसात, आणि काम नेमकं हेच, कुठल्या टाकीला कुठला व्हॉल्व्ह आणि केवढा. निवृत्त होऊन गावी आल्या होत्या. बोलणं मात्र बडोद्यानं जराही बदललं नव्हतं. टाकीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, ह्या व्हॉल्व्हातून तासाले किती वाफ बाहेर जाते? रहीमभाई म्हणाले, म्याडम, पुरी जाते. "पुरी म्हंजे किती?" रहीमभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी टाकीकडं. काहीतरी सांगायचं म्हणून मी टाकी किती लिटरची ते सांगितलं. ताई हसल्या.

"टाकी कायले सांगतं? जाळ सांग. टाकी लहान असो का मोठी, वाफ जाळ करते. तुमचा जाळ जेवढी वाफ करन, तेवढी पुरी ह्या भोकातून निंगाली पायजे. आता सांग, निंगते का?"

सांगता येईना. ताईंनी भावाला बॉयलर नेऊ दिला नाही. खणलेली हळद वावरात पडलेली, भाऊ चिडून लाल, बहीण-भावात तिथंच जुंपली. ते गेल्यावर रहीमभाई म्हणाले, ये बाई तो धंदा बसवते आता. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर, रिक्षात वजनकाटा घालून. दिवसभर त्यांनी मला लाकूड मोजून जाळायला लावलं. एवढी बाभूळ जळाली तर टाकीला बाहेरून लावलेल्या काचेच्या नळीतलं पाणी एवढं उतरलं, म्हणजे एवढ्या पाण्याची वाफ झाली, म्हणजे तासाला किती? शाळा सुटल्यावर मी पहिल्यांदा भागाकार केला, टाकीच्या पत्र्यावर, खडूनं. दोनदा चुकला. शिक्षण किती, असं त्यांनी मध्येच विचारलं. मी खाली बघून सांगितलं. "बरं हाये मंग," त्या म्हणाल्या, "चुकीचं शिकलेलं काई विसरा लागनार नाई तुले." त्या वाक्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आता दाखवून काय...

जाळाच्या मापानं बघितलं तर आमचा व्हॉल्व्ह निम्म्या वाफेलाही पुरत नव्हता. हे कळल्यावर रहीमभाई घाबरले आणि पुढच्या बॉयलरला त्यांनी बाजारात मिळाला तेवढा मोठा व्हॉल्व्ह आणून बसवला. आता काय होते, म्हणाले. व्हायचं ते झालं. मोठं तोंड उघडलं की वाफ एकदम जायची, दाब पडायचा, तोंड मिटायचं, लगेच दाब चढून पुन्हा उघडायचं. दिवसभर नुसती तडतड. त्या आपटण्यानं तोंड ज्यावर मिटतं ती आतली बैठक झिजली आणि व्हॉल्व्ह सारखा गळू लागला. हळदवाल्यानं काय करावं? वाफ वाया चालली म्हणून बांधायच्या तारेनं तो आवळूनच टाकला. ताईंनी ती तार बघितली आणि भट्टीतली लाकडं आपल्या हातानं बाहेर ओढली. मला वाटलं, आता त्या माणसाची धडगत नाही. पण त्याच्यावर आवाज चढला नाही. त्याच्याशेजारी बसून त्याला समजावलं, की व्हॉल्व्ह ओरडतो म्हणजे तो वाफ वाया घालवत नाही, तुम्ही लाकूड वाया घालवता हे सांगतो. ढोलाला लागते त्याच्यापेक्षा जाळ जास्त झाला. तो ओरडला की दोन लाकडं मागं ओढा. लाकूड वाचतं म्हटल्यावर त्यानं ऐकलं. आवाज चढला तो आमच्यावर, नंतर, वर्कशॉपमध्ये. लहान घेतला तर टाकी फुटते, मोठा घेतला तर माणूस तार बांधतो आणि मग टाकी फुटते. माप म्हणजे माप.

अशा होत्या. कुणाच्या घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरून कुकरच्या शिट्टीचं भोक उजेडात धरून बघायच्या. मंदावहिनी, त्यांची भावजय, म्हणायची, आमच्या ताई कोनाच्या घरी देवाच्या पाया पडत नाई, कुकरच्या पडतात. मी एकदा कुठल्याशा सांध्याबद्दल 'बघू की' म्हणालो तर आठ दिवस बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, तुमच्या तिकडचे लोक बघू म्हणतात आन् बघतच राह्यतात. माझी आई आजारी पडली तेव्हा मात्र आजऱ्याला जायचं तिकीट त्यांनीच हातात ठेवलं, आणि परत आल्यावर पहिला प्रश्न आईचा केला, दुसरा बॉयलरचा.

फोन आला त्या दिवशी दाबाखाली होती ती टाकी मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या बळीराम राठोडची. दरवर्षी ऊस तोडायला जाणारी ही माणसं. यंदा सहा घरांनी मिळून ठरवलं, जायचं नाही, बॉयलर घ्यायचा आणि गावोगाव हळद शिजवून द्यायची. काम झटपट व्हावं म्हणून भट्टीला त्यांना ब्लोअर, जाळाला वारा घालणारा पंखा, पाहिजे होता. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, ब्लोअर लागला का जाळ बदलला. त्यात हे फिरतीवरचे लोक, जिथं जातीन तिथं जे भेटन ते जाळतीन. कापसाची वाळली पऱ्हाटी भेटली तर पेटते कशी ते पाह्यलं का? टाकी झाली का तोच जाळ लावून पाहू, मंग व्हॉल्व्ह ठरवू, मी येईन.

त्या यायच्या होत्या त्याच आठवड्यात गेल्या.

तेरावं झालं. बळीराम आणि त्याची बायको शांताबाई वर्कशॉपच्या दारात येऊन बसू लागले. हळदवाल्यांचे फोन त्यांना सुरू झाले होते, आणि उसाची टोळी केव्हाच निघून गेली होती. हा हंगाम हुकला तर सहा घरांना दुसरं कामच नव्हतं. रहीमभाई म्हणाले, बाईनं साध्या जाळाला ठरवून दिलेला नेहमीचाच व्हॉल्व्ह लाव आणि देऊन टाक, बाई असती तर गोष्ट वेगळी, आता कोण मोजणार? मी मोजतो म्हणालो.  रहीमभाईंनी दाराकडं, बळीरामकडं बघितलं.

"और गलत निकला तो? पोरं खेळतात भट्टीजवळ त्यांची."

मी आडोशासाठी विटा वाहायला लागलो. 

नेहमीचा व्हॉल्व्ह बसवला आणि ताई जसं करायच्या तसं सगळं मांडलं. त्या दिवशी अर्धवट सोडलेली पाण्याच्या दाबाची तपासणी आधी पुरी केली, चालवायच्या दाबाच्या कितीतरी वर. विटांची जाड भिंत आडोशाला, दाबाचा काटा लांब नळीनं भिंतीच्या अलीकडं घेतलेला. ढोलांचे कॉक बंद, म्हणजे वाफेला व्हॉल्व्हाशिवाय वाट नाही. ढोलाचा एक कॉक लांब सळईनं उघडता येईल असा, ती सळई बळीरामच्या हातात. भट्टीत सगळ्यात वाळलेली पऱ्हाटी आणि ब्लोअर पूर्ण. काटा लाल खुणेवर आला, व्हॉल्व्ह उघडला, वाफेचा आवाज सुरू झाला. आता काटा तिथं थांबायला पाहिजे. थांबला नाही. हळूहळू, जसं काही घाई नाही, असा वर सरकत राहिला. लाल खुणेच्या पुढं ताईंनी ठरवून दिलेली दुसरी खूण होती, तिच्यावर काटा कधीच जाऊ द्यायचा नाही अशी. मी तिथपर्यंत थांबलो नाही. 'उघड' म्हणालो, बळीरामनं सळई ओढली, मी ब्लोअर बंद केला, वाफ ढोलात गेली. शांताबाई भिंतीमागून म्हणाली, "हे आमी तसंच घेऊन गेलो असतो तं, भाऊ?" 

पुढचे दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. एकच मोठा बसवावा तर ब्लोअर बंद असताना, साध्या जाळावर, तो तडतडणार आणि पुन्हा कुणीतरी तार बांधणार. लहान पुरत नाही हे डोळ्यांनी बघितलेलं. मग सुचलं, की नेहमीचेच दोन लावले तर? पहिला लाल खुणेवर उघडणारा, दुसरा जरासा वर. साधा जाळ असेल तर पहिला पुरेल, ब्लोअर लागला तर दोन्ही. हे ताईंनी कधी शिकवलं नव्हतं, आणि म्हणूनच भीती वाटत होती. विठ्ठलभाऊंकडून बडोद्याच्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा नंबर घेतला. हिंदी-मराठी मिसळून सगळं सांगितलं. ते विचारत गेले, जे मोजलं होतं ते मी सांगत गेलो, जे मोजलं नव्हतं ते मोजून पुन्हा फोन केला. शेवटी म्हणाले, असंच करतात, करा, पण पुन्हा जाळून बघा. दुसरा सॉकेट वेल्ड केला, पुन्हा पाण्याचा दाब, पुन्हा पऱ्हाटी, पुन्हा ब्लोअर. पहिला उघडला. काटा सरकला... दुसरा उघडला. काटा थांबला. पऱ्हाटीचा पुरा ढीग संपेपर्यंत आम्ही घातली, काटा जागचा हलला नाही. रहीमभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढायचा विसरले.

निघताना शांताबाईनं पूजा मांडली, नारळ फोडला. कुंकवाचं बोट व्हॉल्व्हाकडं जाताना बघून मी हात आडवा घातला, तिथं नको, कुंकू आत गेलं तर अडकतो. काचेला नको, पाणी दिसायला पाहिजे. काट्यालाही नको.

"मंग काय तुले लावू?" ती म्हणाली, आणि लावलं.

ते कपाळावर तसंच घेऊन मी किन्हीराजाला गेलो. कशाला, ते धड सांगता येणार नाही. भाऊ वावरात होते. मंदावहिनींनी चहा टाकला, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं, पहिला व्हॉल्व्ह, दुसरा व्हॉल्व्ह, थांबलेला काटा. ताईंना सांगायचो तसंच, काही न गाळता. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले त्यातलं काई समजलं नाई. पन कोनाले इजा नाई होनार ना?"

नाही, म्हणालो. आणि पुढं बोलायला गेलो की जाळ आम्ही लावला त्याच्यापेक्षा मोठा झाला नाही तर... आणि तिथंच अडलो. वाटेत त्यांना कुणी काय जाळायला देईल? तुरीची तुऱ्हाटी दिली तर? कुणी तेलाची पेंड टाकली तर? यातलं काहीच आम्ही लावून बघितलं नव्हतं. चहा तसाच राहिला. तिथूनच बळीरामला फोन लावला. ट्रॅक्टर अजून वाटेतल्या धनज गावाच्या अलीकडंच होता, मागं बायकांचं गाणं ऐकू येत होतं. म्हटलं, पोचल्यावर पेटवायच्या आधी मला एक सांग, तिथं जाळायला काय आहे?