आठ खोल्यांची बोली

“तुमचा रेट तुमच्याजवळच ठेवा, मॅडम. आम्ही आता बोली लावणार,” असं म्हणून शेट्येभाऊंनी माझ्या काउंटरवरच्या बशीतलं फुकटचं चॉकलेट उचललं आणि ते निघाले.

भाऊंचा लांज्याला काजूचा कारखाना आहे. मुलीचं, म्हणजे मुग्धाचं, लग्न रत्नागिरीतल्या कार्यालयात होतं आणि मुलाकडची मंडळी कोल्हापूरहून येणार होती. त्यांना उतरायला आठ खोल्या हव्या होत्या. मी आमच्या हॉटेलात फ्रंट ऑफिस मॅनेजर आहे. खोल्या विकणं, चाव्या देणं आणि गीझर चालला नाही की बोलणी खाणं, ही माझी कामं. मी ग्रुप रेट दिला, सकाळचा नाश्ता धरून. भाऊंनी काजूची बी विकत घेताना करतात तसं तोंड केलं.

ठाण्याच्या मेहुण्याने त्यांना एक ॲप दाखवलं होतं. त्यावर आपण गाव आणि हॉटेलचा दर्जा निवडायचा आणि आपला भाव सांगायचा. कुठल्या तरी हॉटेलला परवडला, तर खोली आपली. कुठलं हॉटेल ते मात्र पैसे भरल्यावर कळतं, आणि पैसे परत मिळत नाहीत. न बघता वस्तू घ्यायची आणि वर स्वतःला हुशार समजायचं, अशी ही सोय आहे. आमच्या बाजूने काम सोपं असतं. खपत नाहीत अशा थोड्या खोल्या ॲपला द्यायच्या, तो आमचा कोटा. आणि याच्याखाली देणार नाही असा एक भाव गुपचूप भरून ठेवायचा, त्याला फ्लोअर रेट म्हणतात.

दोनेक दिवसांनी मुग्धा एकटीच आली.

“ताई, बाबांना तुम्ही तरी सांगा. सासूबाईंनी मानपान, देणंघेणं काही मागितलं नाहीय. एकच सांगितलंय, आमची सगळी माणसं एका छपराखाली उतरू देत. थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांची माणसं चार ठिकाणी विखुरली होती. माझ्या मोठ्या जाऊबाईंना ते अजून दर सणाला ऐकावं लागतं.”

मी भाऊंना फोन केला. “मॅडम, तुम्ही तुमच्या धंद्याचं बघताय,” ते म्हणाले. बघतच होते. पगार त्याचाच मिळतो मला.

ॲप एका बोलीत दोनच खोल्या देतं. म्हणून बोलीसाठी घरची कमिटी बसली: भाऊ, ठाण्याचा मेहुणा आणि मंडणगडला शाळेत मास्तर असलेले चुलतभाऊ. कोण जास्त स्वस्तात मिळवतो ते बघू, या ईर्षेने तिघांनी एकमेकांना आकडा न सांगता, एकाच संध्याकाळी, आपापल्या मोबाइलवरून बोली लावायला घेतली. एकमेकांच्याच विरुद्ध.

इकडे माझ्या स्क्रीनवर बोलींची रांग लागली. बुकिंग पक्कं होईपर्यंत नावं आम्हालाही दिसत नाहीत. आमचे शेठ खुर्ची ओढून शेजारी बसले.

“ह्या तारखेला एवढी मागणी? गावात काय जत्रा हाय काय, मॅडम?”

“ऐकण्यात नाही.”

“मग फ्लोअर वाढवा.”

वाढवला. बोली वाढली. पुन्हा वाढवला. शेठनी खूश होऊन सगळ्या स्टाफला भजी मागवली. कोटा संपला तेव्हा नावं उघडली. सहा खोल्या शेट्येंच्या गोतावळ्यात गेल्या होत्या आणि शेवटच्या दोन, सगळ्यात चढ्या भावाने, कोणा तिसऱ्याच गृहस्थांना. बाकीचं हॉटेल तोवर एका औषध कंपनीच्या मीटिंगने भरलं होतं. मंडणगडच्या मास्तरांना ॲपने उरलेल्या दोन खोल्या दिल्या त्या मालगुंडला. ॲपच्या मते मालगुंड रत्नागिरीच्या जवळच आहे. रस्त्याने जायचं नसेल तर आहेच.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. या वेळी चॉकलेटला हात लावला नाही.

“दोन खोल्या द्या ओ मॅडम. काय तरी करा.”

“हॉटेल फुल्ल आहे, भाऊ.”

“त्या शेवटच्या दोन घेणारा कोण? मला सांगा. त्याला मालगुंडच्या खोल्या देतो, वर काजू देतो.”

“पाहुण्याचं नाव सांगता येत नाही. आणि फोन नंबर ॲप आम्हालाही देत नाही.”

भाऊ काउंटरला टेकून उभे राहिले. “पोरीला जन्मभर ऐकायला लागेल ओ,” ते हळूच म्हणाले. तेव्हा मात्र मला त्यांची फार दया आली. औषध कंपनीला मी दोनदा विनंती करून पाहिली. त्यांनी दोनदा नाही म्हटलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कोल्हापूरची बस दारात लागली. गूळपाणी झालं. विहीणबाई सरळ माझ्यासमोर आल्या.

“आठ खोल्या ना?”

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ पंख्याकडे बघत होते.

“विहीणबाई, सहा हितंच. दोन जरा... समुद्राच्या बाजूला.”

“म्हणजे कुठं?”

“मालगुंडला.”

विहीणबाईंनी वळून जिन्यापाशी उभ्या असलेल्या मुग्धाकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात मुलाचे वडील खाकरले. “मॅडम, हे जरा बघा की,” म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. “माझ्या नावावर दोन खोल्या असतील.”

होत्या. शेवटच्या दोन. भाऊंनी व्याह्यांचा उल्लेख माझ्याकडे कायम ‘कोल्हापूरवाले’ एवढाच केला होता, त्यामुळे ते नाव वाचूनही मला काही कळलं नव्हतं.

“तुम्ही हे कधी केलंसा?” विहीणबाईंनी विचारलं.

“लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठाण्याचे पाहुणे लिहीत होते, बोली लावतोय म्हणून. म्हटलं, आपली माणसं कुठं जाऊन पडतील कुणास ठाऊक. दोन खोल्या हाताशी असू देत. कुठलं हॉटेल ते पैसे भरल्यावरच कळलं. आणि मागनं कोणतरी सारखं भाव चढवत होतं बघा.”

भाऊंनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

“मॅडम,” विहीणबाई माझ्याकडे वळल्या, “तुमचा खरा रेट काय होता?”

मी सांगितला. नाश्ता धरून, हेही सांगितलं. आता दोन्ही व्याही पंख्याकडे बघू लागले. विहीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मग मुग्धाचा हात धरला.

“चल गं आत. ह्या दोघांचं आपण दर सणाला बघू.”

मुग्धा हसली. मग रडली, आणि पुन्हा हसली. तिच्या वाट्याचं ऐकणं आता कायमचं दुसऱ्यांच्या वाट्याला गेलं होतं.

मालगुंडला ठाण्याचा मेहुणा आणि मंडणगडचे मास्तर झोपायला गेले. पैसे परत मिळत नसल्यामुळे कोणीतरी जाणं भागच होतं.

तुम्हाला रत्नागिरीत स्वस्त खोली हवी असेल, तर काउंटरवर येऊन विचारा. चॉकलेट फुकट आहे.