गावंडे बाईंचा शनिवार

दर शनिवारी प्रार्थना संपली की गावंडे बाई आमच्या माना तपासत. पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करून एकेकीच्या मानेवरून फिरवायचं, उजेडात धरायचं आणि डाग दिसला की मुलीला रांगेबाहेर काढायचं. तेल्हाऱ्याच्या आमच्या शाळेत मजुरांच्या मुली पुष्कळ होत्या. सकाळी कापूस वेचून तशाच येणाऱ्या मुलींना बाई स्वतःच्या घरचा साबण देत. शिकवताना त्या शुद्ध बोलत आणि चिडल्या की वऱ्हाडीवर येत. "पानी फुकट भेटते, इज्जत नाही भेटत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

सातवीत माझी मान काळी पडायला लागली. आईने बेसन लावलं, लिंबू चोळलं, काही उपयोग झाला नाही. त्या शनिवारी बाईंनी माझ्या मानेवर रुमाल फिरवला. त्याला काही लागलं नाही. त्यांनी जोर लावून पुन्हा फिरवला. तरी तो पांढराच राहिला. मला वाटलं, सुटले.

"काहून वं, इतका मळ मुरू देला?" बाई म्हणाल्या.

हौदापाशी पाय घासायचा दगड पडलेला असे. माझ्याच बाकावरच्या दोघींना त्यांनी माझी मान घासायला लावली. रक्त आलं तेव्हा थांबवलं आणि रडते म्हणून पुन्हा रागावल्या. पुढे वर्षभर दर शनिवारी हेच झालं. वर्गात माझं नाव 'मळकी' पडलं. मी दोन-दोन वेळा आंघोळ करायची, भर उन्हाळ्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळायची. मी बाईंचा मनापासून द्वेष केला, आणि त्यांच्यासारखं सुरेख अक्षर यावं म्हणून वहीत तासन्‌तास गिरवलंही. आज रिपोर्टवर माझी सही पाहून लोक अक्षराचं कौतुक करतात. ते अक्षर बाईंचं आहे.

अकोल्याला जठारपेठेत मी एका डॉक्टरीणबाईंकडे रक्त तपासण्याचं काम करते. मागच्या वर्षी गावंडे बाई तिथे आल्या. सोबत बारा वर्षांची नात होती, अंगाने भरलेली. तिची मान सोलून निघाली होती आणि जखमेत पू धरला होता. बाईंनी मला ओळखलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं की हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनने मानेची, काखेची कातडी जाड आणि काळी पडते. घासून ती जात नाही, उलट चिघळते. आताच काळजी घेतली नाही, तर पोरीला पुढे शुगर होईल. गावंडे बाईंनी मान डोलावली. मग हळूच विचारलं, लग्नापर्यंत जाईल ना.

रक्त काढायला दोघी माझ्या टेबलाशी बसल्या. नातीसमोर विचारू नये हे मला कळत होतं. म्हणूनच मी विचारलं. माझं नाव सांगितलं, वर्ग सांगितला आणि म्हणाले, "बाई, रुमालाला तर काही लागत नव्हतं. मग तुम्हाला काय वाटायचं?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. आठवलं त्यांना. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"मले दिसत होतं ना, मळ नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "पन साऱ्या पोरी पाहून राह्यल्या होत्या. तुले एकदा मळकी म्हटलं, मंग मांगं कशी सरू?"

त्यांच्या आवाजात पश्चात्ताप असता तर मी त्यांना क्षमा केली असती की नाही, कोण जाणे. त्यांनी तो प्रश्नच मला पडू दिला नाही. नात सगळं ऐकत होती. तिने आजीच्या हातातला आपला हात सोडवून घेतला आणि बाही वर करून माझ्यापुढे धरला.