साबणाच्या फेसात न सापडलेली गळती

माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे, भावजींकडे, एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, दोनच माणसांची जागा, बुटकं छप्पर. आखातातून परतलेल्या एका माणसाने ती विकायला काढली, तेव्हा भावजींनी घेतली. सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकांच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले आणि पेडण्याच्या घरी ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. इंजिन जमलं, ब्रेक जमले, रंग जमला. एसी जमला नाही. गॅस भरला की काही दिवस गार हवा येई, मग कोमट. पावसाळा सरल्यापासून तीनदा भरून झाला होता. शेवटचा, मी पोचलो त्याच्या आदल्याच दिवशी.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी डिचोलीहून तिथे पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची पूजा करून भावजी बहिणीला घेऊन म्हापशाला जाणार होते. तिची अट एकच होती, एसी चालला पाहिजे.

गाडी रात्रभर बंद गॅरेजमध्ये होती. भावजींनी बॉनेट उघडलं आणि ट्रकच्या ट्यूबचं पंक्चर शोधावं तसा साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक पाइपला आणि जोडाला लावला. कॉम्प्रेसरला लावला. आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. बुडबुडा एकही आला नाही.

"जाता तरी खंय हो गॅस?" भावजी म्हणाले. "भूत पिता काय?"

दारात उभी असलेली बहीण म्हणाली, "भूत कित्याक? तुमीच पियत आसतलात. सकाळधरून थंयच आसात."

ते हसले. मला हसू आलं नाही. गॅस कमी होत होता, हे पाइपला लावलेलं दाबाचं मीटर सांगत होतं. बाहेरचे पाइप कोरडे होते. उरला होता तो डॅशबोर्डमागे बसवलेला, हवा गार करणारा कॉइल. तिथे फेस पोचत नाही, आणि तिथून सुटलेलं सगळं बसणाऱ्याच्या तोंडावर येतं. मी तसं सांगितलं.

"म्हणजे डॅशबोर्ड सगळो काढूचो," भावजी म्हणाले. "आज नाय. पूजा झाल्यार बघूया."

मी दार उघडून आत वाकलो. सीटखाली, पायांशी वास होता. सडक्या कांद्यासारखा. शेगडीचं बटण नीट बंद झालं नाही की येतो तो. तो चुकून दुसऱ्या कशाचा वाटणं कठीण आहे.

"भावजी, आत वास येतोय."

"कसलो?" त्यांनी डोकं आत घातलं, दीर्घ श्वास घेतला. "रबराचो. जुनी गाडी मरे ही."

रबराचा वास नव्हता.

हवा येते त्या जाळीत करडी राख साचली होती आणि एक काळी पडलेली काडी अडकून होती. मी विचारलं.

"उदबत्ती. गाडी चालू करूच्या आदी एक लावतंय. थंय बरी रवता."

जाळीच्या बरोबर मागे तो कॉइल होता.

मी गॅरेजबाहेर येऊन गॅस भरणाऱ्याला फोन लावला. माणूस बेळगावकडचा, म्हापशाच्या रस्त्यावर त्याची शेड आहे. कोणता गॅस घातला, एवढंच विचारलं.

"जुन्या गाडीचा गॅस आता कुठं मिळतोय ओ?" तो म्हणाला. "घरचाच घातलाय की, सिलिंडरचा. गार कसं होतंय बघा की!"

"आणि गळत असेल तर?"

"गळतंय तर परत भरायचं की ओ."

माझ्या मागे गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. थोडी तरी गार हवा उरली आहे का, हे पाहायला भावजी आत बसले होते. काचा वर होत्या. त्यांच्या एका हातात उदबत्ती होती, दुसऱ्यात काड्यापेटी.

मी ओरडलो. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं, वैतागून, आणि काडी पेटीवर टेकवली. बहीण जवळ होती. तिने दार ओढून उघडलं, वास घेतला आणि त्यांचं मनगट धरलं.

"भायर या."

"अगो, उदबत्ती ती—"

"भायर या म्हणतंय!"

ते बाहेर आले. आम्ही दोन्ही दारं उघडी टाकली, शटर पूर्ण वर केलं आणि गाडी ढकलत अंगणात नेली. बॅटरीची वायर काढली नाही. सुटताना ती ठिणगी टाकते.

इतके दिवस काही झालं नव्हतं, याचं कारण नंतर कळलं. भावजी सकाळी उघड्या काचांनी उदबत्ती लावत. एसी चालू असताना त्या कॉइलमध्ये दाब कमी असतो. उभ्या गाडीत तो वाढतो आणि गळतीही वाढते. हा गॅस हवेपेक्षा जड. तो खाली साचत जातो. आज कॉइल भरलेला होता, गाडी रात्रभर बंद होती, काचा वर होत्या.

 अंगणात बहिणीने विचारलं, "तुमका वास येणा नाय?"

भावजींनी काड्यापेटी खिशात ठेवली. "साथीच्या वर्सा ताप इल्लो मा, तेव्हा वास गेलो. परत येऊक नाय."

"माका सांगूक नाय."

"येतलो म्हणान वाटला."

"आनी माशांचा हुमण? वास बरो सुटलो म्हणतात ता?"

"तू केलेला बराच आसता."

ही थट्टा होती. तिने ती घेतली नाही. "मी माहेराक आवशीकडे गेललंय तेव्हा शेगडी कोण पेटयी?"

"मीच."

"आनी रात्री बटण बंद आसा काय नाय, ता तुमी कसा बघीत?"

 भावजी गाडीच्या उघड्या दारांकडे पाहत होते. बहीण घराकडे पाहत होती. मग ती आत गेली. स्वयंपाकघरातून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केल्याचा खटका ऐकू आला, आणि त्यानंतर एकेक खिडकी उघडल्याचा आवाज.